प्रातिनिधिक वर्ष

माझ्याकडे एक वर्ष आहे, जे कधी झालंच नाही.
त्याचा जानेवारी एका सालचा, मार्च भलत्याच,
जुलै असा वेचलेला की फार बुडवत नाही,
फार कोरडाही ठेवत नाही.
पांढऱ्या झडपांच्या पेटीत तासातासाला मोजलेली हवा,
आठ हजार सातशे साठ ओळी.
सव्वीस जुलै त्यात नाही.
ती कशातच बसली नाही.

हे वर्ष मी लोकांच्या भिंतींमधून चालवते.
त्यावर माझं पोट आहे.

कन्नमवारनगर, दुसरा मजला, खोली चौदा.
कपाटामागे डाग, फणसाएवढा, काळा, लवदार.
वरच्यांची मोरी गळते, असं सोसायटीचं मत.
मोरी दोनदा फोडून झाली, सभेत एकदा खुर्चीही.
डाग वाढतोच आहे.

त्र्यंबक पागधरे छापखान्यात खिळे जुळवायचे.
डागाची कड त्यांनी दर पंधरवड्याला
पेन्सिलीने आखून ठेवली आहे,
प्रत्येक रेघेपाशी तारीख, बारीक, सरळ,
ओळंब्यात धरल्यासारखी.
मी इतकी वर्षं हवामानाच्या फायली विकत घेते,
अशी एकही मिळालेली नाही.

मी भिंतीला हात लावला. गार.
ती बाहेरची भिंतच नव्हे.
पलीकडे खोली पंधरा, रिबेलो,
आणि दिवसरात्र अठरावर लावलेला एसी.
इकडे एकोणतीस, दोरीवर ओले टॉवेल, भाताची वाफ,
सव्वीसला दव धरेल अशी हवा.
मधे साडेचार इंच वीट.
पाणी कुठूनच येत नव्हतं, पागधरे.
ते तुमच्या घरातच होतं, श्वासात, कुकरात;
त्याला टेकायला जागा मिळाली एवढंच.
आणि कपाट भिंतीला चिकटवून
तुम्ही तिला पांघरूण घातलंत,
म्हणजे ती आणखी गारठली.
(ह्यावर ते हसले नाहीत.)

गेल्या सालचं खरं हवामान मागवलं,
माझी रेघ त्यांच्या रेघांवर ठेवली.
जून जुळला. जुलै जुळला.
नऊ ऑगस्ट ते चोवीस ऑगस्ट,
माझ्या गणितात डाग बोटभर वाढतो,
त्यांच्या भिंतीवर जागचा हलत नाही.
हवा तर तशीच दमट. मी तीनदा तपासलं.
"ऑगस्टमध्ये काय झालं होतं?"
पागधरे आठवत राहिले.
आतून कुंदाताई म्हणाल्या,
"रिबेलोबाई इस्पितळात नव्हत्या का?
तिकडे कुलूप होतं. डबा मीच न्यायचे."

तेव्हा कळलं, बाईंना उष्णता सोसत नाही.
मज्जातंतूंचं दुखणं आहे.
खोली तापली की पाय आपले राहत नाहीत,
चमचा हातातून सुटतो.
चार वर्षं भिंतीच्या अलीकडे तारखा पडत होत्या
आणि पलीकडे हे.

अहवालात मी पंचवीस अंश लिहिलं होतं.
सोपा उपाय, एका आकड्याचा.
तो खोडला. अठरा ठेवला, न हलणारा,
आणि बाकीचं सगळं हलवलं:
कपाट चार बोटं पुढे, दोरी गॅलरीत,
स्वयंपाकघरात बाहेर फेकणारा पंखा,
भिंतीला त्यांच्या बाजूने पातळ फळीचं अस्तर.
रात्रभर ते न झालेलं वर्ष
पंधरामधून चौदामध्ये येत राहिलं.
पहाटे ओले तास मोजले.
अठ्ठावीसशे होते, चारशे उरले.

पागधऱ्यांना सांगितलं, डाग जाईल,
पण थोडा राहील.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"थोडा म्हणजे किती पॉइंटांचा?"
मला सांगता आलं नाही.
"बरं," ते म्हणाले, "चार बोटं नको, एक वीत सरकवू,"
आणि कपाटाचं एक टोक
माझ्याकडे दिलं.